मणक्याच्या दुखापतीनंतर हृदयासाठी व्यायाम

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी झाडावरून पडून धाकट्या भावाच्या डी-१० मणक्याला (पाठीच्या दहाव्या मणक्याला) मार बसला. कमरेखाली हालचाल नाही. आई रोज तासभर त्याचे पाय हलवून देते. तरी पोट सुटले आहे, आता रक्तातली साखरही वाढलेली निघाली. व्यायाम कमी पडतोय का?

उत्तर : आईंची मेहनत वाया जात नाही, त्यामुळे सांधे आखडत नाहीत, ते चालूच ठेवा. पण पाय दुसऱ्याने हलवले की भावाचे स्नायू काम करत नाहीत आणि हृदयालाही जोर पडत नाही. मांड्यांचे मोठे स्नायू एरवी भरपूर साखर वापरतात. ते गळले की साखर आणि पोटावरची चरबी वाढते. आता ते काम दंड, खांदे आणि पाठीकडून करून घ्यायचे.

२०१८च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार हृदय आणि चयापचयासाठी आठवड्यातून ३ वेळा, किमान ३० मिनिटे दम लागेल असा व्यायाम हवा. टेबलावर ठेवायचे हाताने फिरवण्याचे पेडल घ्या आणि शिकंजाने आवळून बसवा, नाहीतर ते सरकते आणि सगळा ताण मनगटावर येतो. पेडलचा आस खांद्याच्या जरा खाली हवा. हात सर्वांत लांब जाईल तेव्हाही कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. व्हीलचेअरचे ब्रेक लावा. सुरुवातीला ५ मिनिटे हलके, मग २ मिनिटे जोराने, १ मिनिट सावकाश, असे पाच वेळा; पुढे हळूहळू ३० मिनिटांपर्यंत न्या. जोर इतका, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. पुढच्या आठवड्यांत मधली विश्रांती घटवा.

खांदे मात्र जपायलाच हवेत. व्हीलचेअर ढकलून छातीकडचे स्नायू आधीच ताठ होतात, म्हणून खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो स्वतःकडे ओढायचा, ८ ते १२ वेळा, ३ फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. खांदा दुखला तर दुखत असताना रेटू नका, कारण पलंगावरून खुर्चीत येणे याच खांद्यांवर अवलंबून आहे. व्यायामानंतर बसण्याच्या जागेची त्वचा आरशात पाहा. लाली उतरत नसेल तर त्या जागेवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

प्रश्न : यजमानांना मानेत, सी-६ला (मानेच्या सहाव्या मणक्याला) दुखापत आहे. व्यायामात नाडी ११०च्या वर जात नाही. मध्येच डोके ठणकते, चेहऱ्यावर घाम फुटतो.

उत्तर : नाडीची काळजी नको. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसा दुखापतीच्या खालून निघतात, त्यामुळे नाडी ११० ते १३०च्या आसपास अडकते. नाडी न मोजता किती दम लागतो ते पाहा.

डोकेदुखी आणि घाम यांकडे मात्र डोळेझाक करू नका. डी-६ किंवा त्यावरच्या दुखापतीत भरलेले मूत्राशय, दुमडलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता किंवा घट्ट पट्टा यांमुळे रक्तदाब एकदम उसळतो. व्यायाम थांबवा, त्यांना ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे सैल करा, नळी आणि पिशवी तपासा. दर काही मिनिटांनी रक्तदाब घ्या. उतरला नाही तर लगेच रुग्णालयात न्या. यापुढे व्यायामाआधी लघवी मोकळी करूनच बसवा.

त्यांचा नेहमीचा रक्तदाब कागदावर लिहून व्हीलचेअरच्या खिशात ठेवा. मानेच्या दुखापतीत वरचा आकडा बहुधा ९० ते ११० असतो, त्यामुळे १३०सुद्धा त्यांच्यासाठी जास्त. हे माहीत नसलेले डॉक्टर ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवू शकतात.