भोकं पाडलेली माशांची टाकी आणि संप (खाली ठेवलेली दुसरी टाकी): आधी वीज गेल्यावरचा विचार करा

पाइप चिकटवायच्या आधी एवढं ठरवा: वीज गेली की वरचं किती पाणी खाली येईल? पंप थांबला की रिटर्नच्या, म्हणजे संपातलं पाणी वर नेणाऱ्या पाइपातून पाणी उलटं वाहतं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. ३ फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत पातळी १ इंच उतरली तरी साधारण साडेदहा लिटर पाणी संपात येतं. म्हणून रिटर्नचं तोंड पातळीच्या जेमतेम खाली ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर अजिबात राहू नका. एखादी गोगलगाय अडकली तरी तो नीट बंद होत नाही.

टँक कनेक्टरचा (भोकात पाइप बसवायच्या जोडाचा) रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली बसवा. नट हातानेच आवळा, पान्याने जोर लावलात तर काच जाईल. उतरता पाइप, म्हणजे टाकीतलं पाणी संपात आणणारा, रिटर्नपेक्षा मोठा घ्या. शिवाय थोड्या उंचीवर दुसरा, एरवी कोरडाच राहणारा पाइप हवाच. पहिला तुंबला तर घर तोच वाचवतो. त्यावर व्हॉल्व्ह नको.

सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा गोंद) पूर्ण वाळल्यावर पाणी भरा, पंप चालवा आणि मुद्दाम स्विच बंद करून बघा. संप काठोकाठ आला तर पाणी कमी करा. पंप पुन्हा चालू करून संपातल्या पंपाच्या कप्प्यातल्या पातळीवर मार्करने रेघ मारा. पुढे कधीही त्या रेघेच्या वर पाणी भरू नका.