वाचकांचे प्रश्न : पाऊस मोजणारा वर्ग

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी दोन ते पाच एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन, तूर आणि कापूस ही मुख्य पिके आहेत. शाश्वत शेती आणि दुष्काळाची पूर्वतयारी या विषयावर विद्यार्थी व पालक यांचे एकत्र प्रशिक्षण घ्यावे, असा विचार आहे. यापूर्वी व्याख्याने झाली, पण शेतात काही बदलले नाही. सुरुवात कशाने करावी? सहलीला शेततळे दाखवावे का?

उत्तर : व्याख्यानाने करू नये, हे आपणच अनुभवले आहे. आमच्या मते सुरुवात पर्जन्यमापकाने करावी. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडा-भिंतींपासून दूर उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान विभागाच्याच वेळेला, मुलांनी पट्टीने पाणी मोजून वहीत नोंदवले तरी काम भागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, हा हिशेब मुलांना फळ्यावर स्वतः मांडू द्यावा.

हा खटाटोप अशासाठी की, आपल्याकडे दुष्काळाचा पहिला घाव पुष्कळदा जूनमध्येच बसतो. मृगाच्या सरीवर चाड्यावर मूठ धरली जाते, मग पाऊस पंधरा-वीस दिवस ओढ देतो आणि दुबार पेरणीसाठी उसनवारी करावी लागते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, ही शिफारस घरोघरी ठाऊक असते. तरीही शेजाऱ्याने पाभर धरली की हात आवरत नाही. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक आपल्या शिवारापासून कित्येक किलोमीटर दूर असू शकतो. अशा वेळी घरातल्याच मुलीच्या वहीत ‘आजवर ४२’ असे लिहिलेले असेल, तर निदान त्यावर वाद तरी घालता येतो.

पालकांना मेच्या दुसऱ्या आठवड्यात, घरचे सोयाबीन बियाणे घेऊनच बोलवावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, ओल राखावी आणि सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर नेहमीचे प्रमाण वापरावे, थोडे कमी निघाले तर त्या हिशेबाने बियाणे वाढवावे, आणि फारच कमी निघाले तर ते पेरूच नये. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोते आपटले तरी उगवण घटते, हे तेव्हाच दाखवून द्यावे.

त्याच बैठकीत प्रत्येक कुटुंबाने पाऊस लांबला तर काय करायचे ते तारखांसह लिहून ठेवावे. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरण्यात अर्थ नसतो. जुलैचा मध्य उलटला तर बाजरी, तूर, सूर्यफूल किंवा एरंडीकडे वळावे लागते. हे निर्णय मे महिन्यात शांतपणे घेता येतात, जुलैत आभाळाकडे पाहत घेता येत नाहीत. आपल्या जमिनीसाठीचे नेमके वाण जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावेत. रुंद सरी-वरंब्यावरील पेरणी मात्र प्रत्यक्ष शेतावर दाखवावी, कारण सरी उघडिपीत ओल कशी धरते आणि अतिवृष्टीत जादा पाणी कसे काढते, ते तोंडी सांगून पटत नाही.

ऑक्टोबरमध्ये मुलांनी दोरीला दगड बांधून गावच्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी मोजावी, मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि कठडा असलेल्याच विहिरीवर. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाण्याचा ताळेबंद मांडूनच ग्रामसभा पिकांचे नियोजन करते. सहल न्यायचीच असेल तर तिकडे न्यावी.

शेततळे अवश्य दाखवावे, पण ते भरले कशाने, हे मुलांना मालकालाच विचारू द्यावे. वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात अडवले असेल तर ती दुष्काळाची तयारी आहे. बोअरवेलने उपसलेले पाणी प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात ओतून उन्हाला वाळत घातले असेल, तर मुलांनी शेजारच्या विहिरीची पातळीही त्याच दिवशी मोजून घ्यावी.