कोल्ह्याचे जुने छापील चित्र

प्रश्न : येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात मी कोल्ह्याचे एक लहान रंगीत छापील चित्र घेतले. ते टॉमस ब्यूइक यांच्या १७९० च्या चतुष्पाद प्राण्यांवरील पुस्तकातले पान असल्याचे विक्रेत्याने सांगितले. मागे इंग्रजी मजकूर आहे, कागदावर तपकिरी डाग आहेत. ते अस्सल असेल का? रत्नागिरीच्या घरी दिवाणखान्यात लावायचा विचार आहे.
— एक वाचक, लीड्स

उत्तर : मागचा मजकूर हा दोष नसून तुमच्या बाजूचा पुरावाच आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे ब्यूइक बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर चित्र कोरीत, आणि त्या ठशाची उंची छपाईच्या खिळ्यांइतकीच असल्यामुळे चित्र व मजकूर एकत्र छापता येत असे; म्हणून त्यांच्या पुस्तकात प्राणी मजकुराच्या पानावरच भेटतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, तो येथे शोधू नये.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. ब्यूइक यांनी ही चित्रे काळ्या शाईतच छापली आणि अंगावरची लव काळ्यात सोडलेल्या पांढऱ्या रेघांनी दाखवली, त्यामुळे तुमच्या कोल्ह्याचा तांबूसपणा नंतर कोणीतरी चढवलेला आहे. दहापट भिंगातून पाहा : रंग सलग आणि जागोजागी रेषेबाहेर गेलेला असेल तर ते कुंचल्याचे काम, ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती अलीकडची यांत्रिक छपाई. शिवाय या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असल्यामुळे पान जुने ठरले तरी साल सिद्ध होत नाही. पृष्ठांक आणि मजकुराची मांडणी पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहावी. (पुस्तके मोडून पाने विकण्याचा हा व्यवसाय आम्हाला रुचत नाही, पण मोडलेले पान नीट जपले जावे, हेही खरे.)

डाग दमटपणामुळे वाढतात. ते घरी ब्लीचने घालवण्याच्या फंदात पडू नये, कागद ठिसूळ होतो. चौकटीत आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) घालून चित्र काचेपासून दूर ठेवावे आणि चिकटपट्टीऐवजी जपानी कागद व गव्हाच्या खळीने वरच्या कडेला अडकवावे.

मात्र कोकणातल्या पावसाळ्यात, विशेषतः पागोळ्यांचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, एवढ्याने भागणार नाही. आमच्या मते मूळ पान लीड्सलाच उन्हापासून दूर लावावे आणि रत्नागिरीसाठी त्याची उत्तम छापील प्रत करून घ्यावी.