एल्कच्या शिकारीसाठी थर्टी-ऑट-सिक्स रायफलला कोणती गोळी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एच-१बी व्हिसावर डेन्व्हरला आहात, यंदा सोडतीत (ड्रॉमध्ये) मादी एल्कचं, म्हणजे सांबराच्या कुळातल्या इथल्या मोठ्या जनावराचं, शिकारीचं लायसन्स लागलं आहे, ऑफिसातला मित्र त्याची .३०-०६ (थर्टी-ऑट-सिक्स) रायफल वापरायला देणार आहे. दुकानात गेलात तर त्याच एका रायफलसाठी फळीभर खोकी, कुठे १५० लिहिलेलं, कुठे १८०, कुठे शिसं, कुठे तांबं. यातलं घ्यायचं काय?

मी गेली बरीच वर्षं कोलोराडोच्या डोंगरांत एल्कमागे फिरतोय, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. १६५ किंवा १६८ ग्रेनची अख्ख्या तांब्याची गोळी घ्या. ती रायफलला मानवली नाही तर १८० ग्रेनची नोस्लर पार्टिशन, ही मधे पडदा असलेली शिशाची गोळी. या दोहोंपैकी काहीही घेतलंत तरी चुकणार नाही. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे दुकानदाराने दुसरं काही पुढे सरकवलं तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

खोक्यावरचा ग्रेनचा आकडा हे पुंगळीच्या तोंडाशी बसवलेल्या गोळीचं वजन असतं, दारूचं नव्हे. १८० ग्रेन म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आत-बाहेर. कोलोराडोच्या नियमाप्रमाणे एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची, आत गेल्यावर फुलणारी, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड जोराची हवी. तुमची रायफल त्याच्या कितीतरी पुढे आहे, त्यामुळे ताकदीची काळजी सोडा. फक्त लष्करी पद्धतीची, शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच असलेली गोळी चुकूनही उचलू नका. ती बेकायदा आहेच, शिवाय न फुलता आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन मैलभर लांब जाऊन मरतं. ‘मॅच’ लिहिलेल्या गोळ्याही नकोत. त्या कागदावर नेम साधायला बनवलेल्या असतात; हाडामांसात त्या कशा वागतील याचा भरवसा नाही.

आता मुख्य मुद्दा. शिकारीच्या गोळीला दोन कामं एकदम करायची असतात, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तिने फुलायचं, म्हणजे जखम रुंद होऊन जनावर लवकर पडेल; आणि तिने खोलवर जायचं, म्हणजे दोन्ही फुप्फुसं भेदली जातील. जास्त फुलली तर वाटेतच थांबते, फुटली तर तुकडे वरवरच्या मांसात राहतात. हरणासाठी केलेली हलकी, झटकन फुलणारी गोळी हरणाला उत्तम, कारण तिथे जायचंच असतं थोडं. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या घरात भरते. समोरून तिरकी उभी असेल तर गोळीला आधी खांद्याचं हाड लागतं. मागून तिरकी असेल तर ओल्या गवताने ठासून भरलेलं पोट ओलांडून छातीपर्यंत पोचावं लागतं. म्हणून एल्कसाठी गोळी निवडताना ती किती फुलते हे मी नंतर पाहतो. आधी पाहतो ती एकसंध राहते का.

हा धडा जुना आहे. १९४६ साली कॅनडात जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याने चिखलाने माखलेल्या एका मूसवर (एल्कहूनही मोठं जनावर) गोळ्या झाडल्या आणि त्या आत शिरण्याआधीच फुटल्या. रायफल जबरदस्त होती, .३०० मॅग्नम, दोष गोळीचा होता. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा ठेवायची युक्ती काढली: पुढचं शिसं फुलतं, पडद्यामागचं शिसं जागेवर राहून गोळीला पुढे ढकलत नेतं. तीच पार्टिशन, १९४८ पासून विकली जाते आहे आणि आजही कोणापेक्षा कमी नाही. ‘बाँडेड’ लिहिलेल्या गोळ्यांत शिसं कवचाला पक्कं सांधलेलं असतं, हेतू तोच.

अख्ख्या तांब्याची गोळी त्यापुढची. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये ती बाजारात आणली, आता फेडरल आणि हॉर्नडी या कंपन्याही करतात. आत शिसं नाहीच. टोकाशी पोकळी असते, ती दाबाने उलगडते आणि चार पाकळ्या मागे वळतात. मागचा दांडा शाबूत राहतो. मागच्या एका हंगामात एल्क सोलताना पलीकडच्या बाजूला कातड्याखाली सुपारीएवढा टणक गोळा हाताला लागला. सुरीने चीर दिली तर हीच गोळी, पाकळ्या चारही जागेवर, तळाशी नळीतल्या आट्यांच्या खुणा स्पष्ट. जवळचं हाड फोडून आणि अख्खी छाती ओलांडून ती तिथवर आली होती. काट्यावर ठेवली तर वजन जवळपास मूळचंच.

तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते. शिवाय वजन झडत नाही म्हणून १८० चं काम १६५ ग्रेनमध्ये होतं, वेगही जास्त मिळतो. आणि वेग इथे महत्त्वाचा आहे, कारण तांबं कडक. साधारण सेकंदाला २००० फुटांच्या खाली वेग गेला की पाकळ्या नीट उघडतील याची खात्री मी धरत नाही. म्हणून खोक्यावरचा तक्ता वाचा, आणि त्यातला नळीतून सुटतानाचा वेग सोडून लागतानाचा वेग पाहा. १६५ ग्रेनची गोळी २८०० ने सुटली तर ३०० यार्डांवर २२०० च्या आसपास असते. माझी मर्यादा तिथेच संपते. पहिल्या हंगामात तुम्ही २०० यार्डांच्या पुढे जाऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो.

तांब्याकडे माझा कल असण्याचं आणखी एक कारण घरातलं आहे. शिशाची गोळी लागलेल्या खांद्याचं मांस कापताना काळसर कण डोळ्यांना दिसतात. न दिसणारे किती तरी जास्त. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायच्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि ते मांस टाकून द्यायला सांगण्यात आलं. मागे राहिलेली आतडी गरुड आणि गिधाडं खातात, त्यांनाही तेच विष. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, त्यामागे काँडोर हे तिथलं दुर्मीळ गिधाड वाचवण्याची धडपड होती. मादी एल्कचं मांस तुमच्या फ्रीजरमध्ये वर्षभर पुरेल, घरात लहान मुलं असतील तर हा विचार कराच.

कितीही भारी गोळी असली तरी कोन चुकीचा असेल तर ती काही करू शकत नाही. आडवी उभी असलेली मादी, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. पाठमोरी असेल तर चापावरून बोट काढा आणि थांबा, ती वळते. कळपात असेल तर तिच्या मागे दुसरी नाही ना, हे आधी बघा. तांब्याची गोळी बहुतेक वेळा आरपार जाते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण व्हिसाचं सांगायलाच हवं. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक वा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, मित्राची उसनी घेतलेलीसुद्धा. वैध शिकारीचं लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. तेव्हा लायसन्स प्रत्यक्ष हातात येईपर्यंत काडतुसं विकत घेऊ नका आणि नेमबाजीच्या रेंजवरही जाऊ नका. नंतर ते कायम खिशात ठेवा. व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर वकिलाला विचारून घ्या.

खरेदी करताना दोन वेगळ्या प्रकारांची एकेक खोकी घ्या. आधी नळी स्वच्छ पुसा, मग टेकू देऊन १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्या झाडा, मध्ये नळी थंड होऊ द्या. ज्या गोळ्या जवळजवळ पडतील तो प्रकार तुमचा. मग त्याचीच आणखी तीन खोकी, खोक्यावरचा लॉट नंबर जुळवून. १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी रायफलवरची दुर्बीण लावा. म्हणजे २०० वर नेमकी बसते. हंगामात गोळी बदलू नका. बदललीत तर नेम पुन्हा पहिल्यापासून बसवा, कारण वजन तेच असलं तरी दुसऱ्या कंपनीची गोळी चार इंच बाजूला पडलेली मी पाहिली आहे. आणि रेंजवर जाल तेव्हा टेकूवरून उठून, बसून आणि गुडघा टेकूनही झाडून पाहा. डोंगरात टेबल नसतं.