‘गाडी पहिल्या दिवसापासूनच खराब’ हे वाक्य आधी खोडा

प्रश्न : जून २०२२ मध्ये सोलापुरातल्या डीलरकडून पेट्रोल गाडी घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. ६ ऑगस्ट २०२३ ला तुळजापूरच्या घाटात अचानक पिकअप गेला आणि इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपने स्कॅनर लावून ‘ओके’ म्हणून गाडी परत दिली. दिवा नंतरही अधूनमधून लागायचा, वर्कशॉपचे सर्व्हिस ॲडव्हायझर ‘चालवा सर, काही होत नाही’ म्हणायचे. २४ नोव्हेंबरला मोहोळजवळ गाडी चाळिसाच्या पुढे जाईना. पायाखालचा पत्रा तापला, सडक्या अंड्यासारखा वास आला. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) जळाला असं निदान झालं. ११ डिसेंबर २०२३ च्या मेलने ‘भेसळयुक्त इंधन’ असं कारण देऊन वॉरंटी नाकारली. मी ६८ हजार भरून गाडी सोडवली. कंपनीशी जुलै २०२५ पर्यंत मेल चालू होते. सोबत नोटिशीचा मसुदा जोडला आहे. नवी गाडी मिळेल का? दिवाळीनंतर केस टाकली तर चालेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नवी गाडी विसरा. आणि ‘दिवाळीनंतर’ तर त्याहून आधी विसरा.

अशी पत्रं बार्शीहून येतात, पंढरपूरहून येतात, अक्कलकोटहून येतात. गाडीची कंपनी वेगळी, बाकी कहाणी तीच. त्यामुळे ग्राहक कोणाला म्हणायचं, सेवेतली त्रुटी म्हणजे काय, हे इथे उगाळत बसत नाही. गाडी तुमच्या नावावर आहे, घरगुती वापराची आहे, पावती आहे, तेवढं पुरे. तुमचं प्रकरण अडलंय ते तुम्हीच लिहिलेल्या नोटिशीच्या तिसऱ्या परिच्छेदात : ‘सदर वाहनात खरेदीच्या दिवसापासूनच उत्पादनदोष होता व त्याची विरुद्ध पक्षास पूर्ण कल्पना होती.’

हे वाक्य कोणी सुचवलं? कुठल्या तरी जुन्या नोटिशीतून उचललेलं दिसतंय. ते जसंच्या तसं तक्रारीत गेलं तर समोरच्या वकिलाला फारसं कामच उरणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण ज्या दिवशी घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुम्हीच म्हणता की दोष पहिल्या दिवसापासून होता. मग दोन वर्षं जून २०२४ मध्येच संपली. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाला तो स्वतःहून बघावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, जुन्या कायद्यातल्या तशाच कलमाबाबत, हे स्पष्ट केलं आहे. उशीर माफ करण्याची सोय कलम ६९ मध्येच आहे, पण त्याला पुरेसं कारण लागतं. ‘मेल चालू होते’ हे कारण मी तरी आयोगापुढे तोंड वर करून सांगणार नाही.

शिवाय ते वाक्य खरंही नाही. तुम्ही जोडलेल्या तिन्ही सर्व्हिसच्या बिलांवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. चौदा महिने गाडी नीट चालली. नेमकं तेच तक्रारीत लिहा.

मग कारण घडलं कधी? ७ ऑगस्टला, २४ नोव्हेंबरला की ११ डिसेंबरला? विरुद्ध पक्ष ऑगस्ट धरेल, कारण तसं मोजलं तर तुमची मुदत ऑगस्ट २०२५ मध्येच गेली. तुम्ही डिसेंबर धरायचा, वॉरंटी नाकारली तो दिवस. हे पटवायचं असेल तर गाडीच्या पोटात काय झालं ते कळायला हवं. म्हणून वकील असूनही थोडं गॅरेजात शिरतो.

ऑगस्टमध्ये घाटात झालं ते मिसफायर, आपले मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात. एखाद्या सिलिंडरला ठिणगी नीट मिळाली नाही की तिथलं पेट्रोल जळत नाही. ते तसंच कच्चं, सोबत न वापरलेला ऑक्सिजन घेऊन धुराच्या नळीत उतरतं. पुढे कन्व्हर्टर असतो : आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप. इंजिनात जळायला हवं होतं ते पेट्रोल या विटेत जळतं. कन्व्हर्टर साधारण चारशे ते आठशे अंश सेल्सियसमध्ये काम करतो. मिसिंग चालूच राहिलं तर तापमान हजाराच्या पुढे जातं, आणि चौदाशेच्या आसपास ती वीटच वितळायला लागते. म्हणून तो पिवळा दिवा नुसता लागला तर एक अर्थ आणि उघडझाप करू लागला तर दुसरा : मिसिंग इतकं आहे की कन्व्हर्टर जाईल, वेग कमी करा, गाडी थांबवा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असणार. तुम्ही मात्र घाट चढून, देवीचं दर्शन घेऊन, त्याच गाडीने परत आलात. हा प्रश्न तुम्हाला उलटतपासणीत येणार, उत्तर आत्ताच शोधून ठेवा.

वितळलेल्या विटेची भोकं बुजतात. धुराड्यात बोळा कोंबल्यावर चुलीचं जे होतं ते इंजिनाचं होतं : धूर बाहेर निघत नाही, म्हणून ताजी हवा आत येत नाही. मोहोळजवळ गाडी चाळिसावर अडली ती यामुळे. म्हणजे पिकअप दोनदा गेला, पण दोन्ही वेळचा रोग वेगळा. ऑगस्टमध्ये मिसिंग होतं आणि कन्व्हर्टर बहुधा शाबूत होता. नोव्हेंबरमध्ये कन्व्हर्टर मेला तो ऑगस्टचं मिसिंग तसंच ठेवल्यामुळे. जो पार्ट ऑगस्टमध्ये गेलेलाच नव्हता त्याच्याबद्दल तक्रारीचं कारण ऑगस्टमध्ये कसं घडेल? सगळी मुदत या एका युक्तिवादावर उभी आहे. उत्पादनदोषाची टिमकी वाजवलीत तर हा युक्तिवाद तुम्हीच पाडता. तुमची मुख्य तक्रार वर्कशॉपच्या हलगर्जीची आहे. ७ ऑगस्टच्या जॉब कार्डावर त्यांच्याच अक्षरात आहे : ‘पिकअप कमी, चेक लाईट ब्लिंक. स्कॅन केले, पी०३०२ क्लिअर केला, ट्रायल ओके.’ पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. ठिणगीला वीज देणारी कॉइल बदलली नाही, प्लग काढून बघितला नाही, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासला नाही. कोड पुसला आणि चावी हातात दिली. हा कागद जपा. दुसरं काही नसलं तरी हा आहे.

कॉइलच गेली होती की इंजेक्टर गळत होता, हे मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही तक्रारीत ठोकून देऊ नका. ते तज्ज्ञाचं काम.

आता तारीख. मी तुमच्या जागी असतो तर ११ डिसेंबरच्या भरवशावर बसलो नसतो. २४ नोव्हेंबर २०२५ हीच शेवटची सीमा धरा, म्हणजे कन्व्हर्टर बंद पडल्याचा दिवस पकडूनही तक्रार मुदतीत बसते. भाऊबीज २३ ऑक्टोबर २०२५ ची, तिथून उरतो जेमतेम महिना. जुलैपर्यंतच्या मेलमुळे मुदत लांबत नाही. वकिलाची नोटीस पाठवली म्हणूनही ती थांबत नाही, आणि या कायद्यात तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे असंही नाही. ‘आम्ही आपल्या तक्रारीची दखल घेत आहोत’ असं उत्तर कंपनी दीड वर्ष देत राहते ते सौजन्य म्हणून, असं वाटलं काय ओ तुम्हाला? कस्टमर केअरला काळ मोजता येतो. तुम्हीही मोजायला हवा होता.

भेसळीचं कारण मला पोकळ वाटतं, पण इथे हात राखून बोलतो. टाकीतल्या पेट्रोलचा नमुना तुमच्यासमोर घेतला का, सील केला का, प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? मेलमध्ये यातलं काहीच दिसत नाही. जो वॉरंटीतल्या अपवादाचा आधार घेतो त्याने तो सिद्ध करावा, असं आम्ही म्हणू आणि बहुधा ऐकलं जाईल. पंपाची बिलं ठेवली नाहीत म्हणता. ठीक, यूपीआयचं स्टेटमेंट काढा. ऑगस्ट ते नोव्हेंबर कोणत्या पंपावर किती वेळा भरलं ते त्यात दिसेल. ॲडव्हायझरचं ‘चालवा सर’ व्हॉट्सॲपवर कुठे सापडलं तर सोन्याहून पिवळं. फोनवरच असेल तर त्याचा उपयोग बेताचाच.

खरी अडचण जुन्या कन्व्हर्टरची. तो कुठे आहे, या प्रश्नाला तुमच्या पत्रात उत्तर नाही. बिलाच्या मागे ‘जुना पार्ट ग्राहकास नको’ या चौकटीवर खूण आहे आणि खाली तुमचीच सही. तीन मौल्यवान धातू असलेली वस्तू तुम्ही फुकट सोडून आलात, आणि त्याहून वाईट म्हणजे पुरावा सोडून आलात. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण वस्तू हवी ना. आजच वर्कशॉपला आणि कंपनीला मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा : जुना कन्व्हर्टर कोणाकडे आहे, जपून ठेवा, आणि ७ ऑगस्ट व २४ नोव्हेंबर या दोन्ही दिवसांचे स्कॅन रिपोर्ट द्या. देणार नाहीतच. मग कागद हजर करण्याचा आदेश मागायचा. आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे ते अधिकार आहेत. कन्व्हर्टर वॉरंटी तपासणीसाठी कंपनीकडे गेला होता आणि नंतर ‘सापडत नाही’ असं निघालं, तर त्यांच्याविरुद्ध अनुमान काढा असं म्हणता येईल. भंगारात गेला असेल तर तुमच्या सहीसमोर माझा आवाज जरा खालीच येईल.

मागणी माफक ठेवा. एखादा पार्ट बिघडला म्हणून पूर्ण गाडी बदलून मिळत नाही, वॉरंटीत पार्ट बदलण्याचं आश्वासन असेल तर तेवढंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. ६८ हजार, त्यावर व्याज, टोइंगचा खर्च, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च, बस. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवेल. सोलापूरच्या जिल्हा आयोगातच दाखल करा. पुस्तिकेत दुसऱ्याच शहराचं न्यायक्षेत्र छापलं असलं तरी घाबरू नका, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. फी गाडीच्या साडेसात लाखांवर मोजली तरी दोनशे रुपये. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतं.

निकाल कधी? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हे वाचून आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये लोक हसतात. विरुद्ध पक्षाला म्हणणं मांडायला तीस आणि वाढवून पंधरा, अशा पंचेचाळीस दिवसांच्या वर वेळ देता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं. तेवढं तरी पाळलं जातं. पुढच्या तारखांचं मी वचन देत नाही. पहिल्या तारखेला मध्यस्थीचा विषय निघाला आणि ६८ हजारांच्या आसपास काही मिळत असेल तर, खरं सांगतो, घ्या.

पत्राच्या शेवटी दोन गोष्टी सहज विचारल्यात. मिस्त्री म्हणतो, नवा कन्व्हर्टर पुन्हा जाईल, आतली वीट काढून डबा पोकळ करून देतो. अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याखाली तो परवानगीशिवाय केलेला बदल ठरतो. कलम १८२ अ खाली मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरं, गाडी विकून टाकावी का? थांबा. तक्रार चालू असताना गाडी विकली म्हणून तक्रारदार ग्राहक उरत नाही, असं राष्ट्रीय आयोगाने काही प्रकरणांत धरलं आहे. तुमचा दावा दुरुस्तीच्या पैशांचा असल्याने कदाचित तगेल, पण हा धोका आत्ता घेऊ नका. मात्र नवीन कन्व्हर्टर बसवला त्या वेळी दोन नंबरची कॉइल बदलली की नाही, ते बिलात बघून मला कळवा. बदलली असेल तर त्यांनी स्वतःच रोग कबूल केल्यासारखं आहे. नसेल, तर आधी बाहेरच्या मिस्त्रीकडून ती तपासून घ्या आणि त्याची लेखी पावती घ्या.