छत्रीचं तोंड आग्नेयेला

प्रश्न : आमचं घर मुरबाड तालुक्यात, सरळगावपासून आत दोन किलोमीटरवर आहे. पूर्वी कौलांवर ॲल्युमिनियमचा, माशाच्या काट्यासारखा अँटेना होता. त्यावर दूरदर्शन बरं दिसायचं. गेली काही वर्षं नुसत्या मुंग्या. आता मुलाने 32 इंची टीव्ही आणलाय. एका दुकानदाराने ‘एचडी अँटेना’ म्हणून 1,400 रुपयांना एक वस्तू दिली, तिच्यावर काहीच येत नाही. महिन्याचं रिचार्ज आम्हाला जमणार नाही. 2,000 रुपयांत फुकटचं एचडी दिसेल का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : दिसेल, दादा. पण त्या अँटेनावर नाही. पावती असेल तर तो आजच परत करा. तुमच्या टीव्हीत दोष नाही आणि कदाचित त्या अँटेनातही नसेल. पण त्याने पकडावं असं तुमच्या गावच्या हवेत आता काही उरलेलं नाही. ‘एचडी’ हा शब्द खोक्यावर छापला म्हणून अँटेना एचडी होत नाही, आणि तुमच्यासारख्या माणसाकडून असे पैसे घेतले जातात याचा मला मनापासून राग येतो.

झालं ते असं. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद झाली. मोक्याच्या जागची सुमारे 50 सोडून बाकीची 31 मार्च 2022 पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. तुमच्या मुंग्या तिथून सुरू झाल्या. मुंबईत वरळीच्या मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, पण सरळगाव तिथून बरंच लांब, मध्ये डोंगर. त्याच्या मागे लागू नका.

तुमच्यासाठी फुकटचा टीव्ही आता समोरून नाही, वरून, उपग्रहावरून येतो. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनचीच सेवा आहे. डिसेंबर 2004 मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचे पैसे नाहीत, रिचार्ज नाही, कार्ड नाही. एकदा खर्च करायचा आणि बघत बसायचं.

एचडीबद्दल मात्र आधीच स्पष्ट सांगते, नाहीतर नंतर मलाच बोल लावाल. फ्री डिशवर एचडी आहे ते मुख्यतः दूरदर्शनचं स्वतःचं : डीडी नॅशनल एचडी, डीडी न्यूज एचडी. खासगी वाहिन्या साध्या दर्जात येतात. त्यांच्या जागा ई-लिलावाने ठरतात, म्हणून आज दिसणारी एखादी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. पण साधा दर्जासुद्धा जोडणी नीट असेल तर 32 इंचांवर स्वच्छ दिसतो. तुम्ही जुन्या अँटेनावर जे बघत होता त्याच्याशी तुलनाच नको.

खर्चाचं म्हणाल तर गेल्या महिन्यात शहापूरकडे एक जोडणी करून दिली, तिचाच हिशेब देते. 60 सेंटिमीटरची छत्री एलएनबीसकट (छत्रीपुढच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा) 550, एमपेग-4 (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वाचणारा सेटटॉप बॉक्स 850, 18 मीटर आरजी-6 तार 288, चार पिना 40, एचडीएमआय वायर 120. झाले 1,848. पाइप घरचाच होता, बोअरिंगच्या कामातून उरलेला, आणि सिमेंट संडासाच्या बांधकामातलं. तुमच्याकडेही वाड्याच्या कोपऱ्यात असा पाइप निघेल. बॉक्स घेताना दुकानदाराला ‘एमपेग-4’ आहे का हे विचारा आणि मागे एचडीएमआयचं भोक आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शे-दोनशे वाचवायला एमपेग-2 बॉक्स घेतलात तर एचडी कधीच दिसणार नाही.

आता खांब. जोडणीत सगळ्यात कमी लक्ष ज्याच्याकडे दिलं जातं तो हाच. माझी आई डोळखांबला राहते. 2019 च्या जूनमध्ये मी तिच्या घराच्या वाशाला, पत्र्याला लागूनच छत्री ठोकली. मी स्वतः कळव्यात दुकान चालवते, वडिलांच्या हाताखाली हे काम शिकले, तरी घाई केली. जुलैत आईचा रोज फोन, चित्रावर चौकोन पडतात. एलएनबी बदलला, बॉक्स बदलला, हजाराच्या वर पैसे गेले. ऑगस्टमध्ये एक दिवस भर पावसात छत्री डोक्यावर धरून अर्धा तास वर बघत उभी राहिले. वाऱ्याचा झोत आला की पत्रा थडथडे, पत्र्याबरोबर वासा आणि वाशाबरोबर छत्रीचा काठ बोटभर हलत होता. बस, तेवढंच कारण. दुसऱ्या दिवशी अंगणात दोन फूट खड्डा घेऊन पाइप सिमेंटमध्ये उभा केला. त्या छत्रीला पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

बोटभर हलण्याने एवढं का बिघडतं? 60 सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते. काठ दीड सेंटिमीटर सरकला की नजर उपग्रहावरून उतरलीच. म्हणून पाइप जमिनीत पुरा, छपराला बांधू नका, आणि सिमेंट ओलं असताना गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून तो सरळ करा. पाइप कलला तर छत्रीच्या मागच्या पट्टीवरचे आकडे सगळे खोटे ठरतात.

दिशा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व रेखांशावर. ठाणे जिल्ह्यातून तो आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर साधारण 131 अंश, आणि आकाशात साधारण 57 अंश वर, म्हणजे बराच उंच. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, पण पाइपाजवळ आणि पत्र्याखाली बघू नका, लोखंडाने सुई फिरते. अंगणात मोकळ्यावर उभं राहून समोरचं एखादं झाड किंवा विजेचा खांब खूण म्हणून धरा. शेजाऱ्याच्या छत्रीच्या रांगेत आपली छत्री लावायची चूक बरेच जण करतात. त्याची सेवा वेगळी असेल तर त्याचा उपग्रहही वेगळा, कुणाचा 83 वर, कुणाचा 95 वर. त्यातला 95 वाला फसवतो. तो इतका जवळ आहे की बॉक्स सिग्नल दाखवतो, नावंही येतात, पण वाहिन्या कुलूपबंद. असं झालं तर छत्री अगदी केसभर उजवीकडे, दक्षिणेच्या बाजूला, आणि केसभर वर घ्या.

झाड आड येतंय का हे कळायला एक बिनपैशाची युक्ती आहे. मार्चच्या 10 ते 14 तारखांना आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून पाहताना बरोबर त्या उपग्रहामागे येतो. त्या वेळी खड्ड्याच्या जागेवर स्वच्छ ऊन पडलं, तर मार्ग मोकळा. आंब्याची सावली पडली तर जागा बदला. (त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नव्हे, सूर्याच्या तेजापुढे उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही इतकंच.) एवढं थांबायचं नसेल तर अंदाज असा : छत्रीसमोर चार मीटरवर झाड असेल, तर ते छत्रीच्या वर सहा मीटरपर्यंत वाढलेलं चालतं. पण पावसाळ्यात फांदी किती पुढे येते ते लक्षात घेऊनच ठरवा.

छत्री बसवताना एक जण वर, एक जण टीव्हीपुढे, आणि दोघांत मोबाइल चालू. बॉक्सच्या मेनूत 93.5 अंशाचा उपग्रह निवडा, एलएनबी ‘युनिव्हर्सल’. पडद्यावर दोन पट्ट्या येतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघूच नका. छत्री ढगाकडे तोंड करून असली तरी ती पन्नास-साठ दाखवते, एलएनबीला वीज पोचतेय एवढंच ती सांगते. क्वालिटी शून्यावरून उठली की तुम्ही ठिकाणावर आलात. छत्री थोडी हलवा, तीन सेकंद थांबा, मग पुढे. थांबत नाहीत म्हणून माणसं तासन्‌तास फिरवत राहतात. क्वालिटी मिळाली की एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू गोल फिरवा, आणखी पाच-दहा टक्के हमखास वाढतात. शेवटी नट आवळताना पुन्हा क्वालिटीवर लक्ष ठेवा आणि दोन्ही बाजूंचे आळीपाळीने आवळा. एकच बाजू करकचून आवळली की छत्री मान वळवते.

तारेच्या पिनेचं काम स्वतः करणार असाल तर डोळ्यांजवळ धरून करा. वरचं काळं साल सेंटिमीटरभर काढा, आतली जाळी मागे दुमडा, पांढरा फोम पिनेच्या आतल्या काठाबरोबर आणि मधली तांब्याची तार पिनेबाहेर दोन मिलिमीटर. जाळीचा एक केस जरी त्या तांब्याला टेकला तरी सगळं बंद. एलएनबीच्या तोंडाशी तारेला खाली एक वळसा सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून ठिबकेल, पिनेत शिरणार नाही. पाणी शिरलेली पिन उघडली की तांबं हिरवं दिसतं. ती परत वापरू नका.

मुसळधार पावसात चित्र दहा-पंधरा मिनिटं जाईल. ते कुणालाच चुकत नाही. पाऊस ओसरला की आपोआप येतं, त्यासाठी छत्री हलवायला जाऊ नका. आणि मे-जूनमध्ये आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच तार बॉक्समधून आणि बॉक्स विजेच्या प्लगमधून काढून ठेवा. वीज कडाडायला लागल्यावर तारेला हात लावायचा नाही.

प्रश्न : आमच्याकडे फ्री डिश सहा वर्षांपासून आहे. दिवाळीत नवा टीव्ही घेतला, पण चित्र जुन्या टीव्हीपेक्षाही पुसट वाटतं. एचडी वाहिनी तर यादीतच नाही. छत्री बदलावी का? (अंगणवाडी सेविका, किन्हवली)

उत्तर : ताई, छत्रीला हात लावू नका. छत्रीला एचडी-बिनएचडी काही ठाऊक नसतं. तुमचा बॉक्स एमपेग-2 दिसतोय. एचडी वाहिन्या एमपेग-4 मध्ये येतात, त्या त्याला वाचताच येत नाहीत, म्हणून यादीत नाहीत. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन पिनांची वायर असणार. पिवळ्या पिनेतून फार तर 576 ओळींचं चित्र जातं. एचडीला 720 किंवा 1080 लागतात. जुन्या लहान पडद्यावर ते खपून जायचं, मोठ्या सपाट पडद्यावर तेच ताणलं गेलं की पुसट होतं. फक्त एमपेग-4 बॉक्स आणि एचडीएमआय वायर आणा. तीच तार नव्या बॉक्सला लावा आणि वाहिन्या पुन्हा शोधा. मग बॉक्सच्या मेनूत चित्र 720 किंवा 1080 वर ठेवा. हे राहून गेलं तर नवा बॉक्स घेऊनही चित्र जुनंच दिसेल.

प्रश्न : ऐरोलीत आमच्याकडे केबल आहे. भारताची मॅच असली की गावी आजोबांच्या फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला मॅच दिसते आणि आमच्या केबलवर त्याच डीडी स्पोर्ट्सला भलतंच काही. केबलवाला मुद्दाम करतो का? (बारावीचा विद्यार्थी)

उत्तर : नाही रे, केबलवाल्याचा दोष नाही. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. पण ते प्रसार भारतीने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवर जाऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. म्हणून आजोबांना दिसते. सुट्टीत तिथेच बघ, त्यांनाही सोबत होईल.

प्रश्न : घणसोली गावात आमचं जुनं दोन मजली घर आहे. गच्चीवर 1980 च्या दशकातला अँटेना अजून उभा आहे. वरळीचं डिजिटल प्रक्षेपण त्याच्यावर घेता येईल का, की भंगारात द्यावा? (निवृत्त वाचक)

उत्तर : काका, 2016 मध्ये दूरदर्शनने मुंबईसह 16 शहरांत हे प्रक्षेपण सुरू केल्याचं जाहीर झालं तेव्हा मी दुकानाच्या गच्चीवर खटपट केली होती. त्याला डीव्हीबी-टी2 ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला हे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग, लागतो, आणि तो सगळ्या टीव्हींत नसतो. अँटेनाही यूएचएफचा, आखूड काड्यांचा लागतो. तुमच्या अँटेनाच्या काड्या हातभर लांब असतील तर तो जुन्या व्हीएचएफ प्रक्षेपणासाठीचा. एवढं करून वाहिन्या मूठभर आणि त्या साध्या दर्जाच्या. एचडी हवं असेल तर तुम्हीही छत्रीच लावा. अँटेना उतरवा पण खांब ठेवा. हाताने जोरात ढकलून तो हलला नाही तर त्यावरच छत्री बसेल आणि पाइपाचा खर्च वाचेल. तळाशी, गिलाव्यात शिरतो तिथे गंज टोकरून बघा, पापुद्रे निघाले तर तो खांब नको. आणि उतरवताना एकट्याने नको, काका. कठड्याच्या आत उभे राहून दोघांनी खालून धरा, तिसऱ्याने बोल्ट सोडवावेत, आणि गल्लीतली विजेची तार कुठून जाते ते आधी बघून घ्या.