भक्त, विभक्त आणि भात

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका भागवत सप्ताहाच्या पत्रिकेत 'भक्तीमय वातावरणात' छापायचं की 'भक्तिमय'? आणि प्रवचनात सांगतात त्याप्रमाणे 'जो विभक्त नाही तो भक्त' ही भक्त शब्दाची व्युत्पत्ती खरी आहे का?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत. सुटा शब्द 'भक्ती', पण पुढे काही जोडलं की ऱ्हस्व: भक्तिमय, भक्तिभाव, भक्तिमार्ग. शहरभरच्या कमानींवर दीर्घ दिसतं म्हणून ते शुद्ध होत नाही.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, मुळीच नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मांडवात हे व्याकरण म्हणून सांगितलं जातं आणि श्रोते माना डोलावतात, याचा मला खरोखर राग येतो. 'भक्त म्हणिजे विभक्त नव्हे' ही दासबोधातली ओवी, आत्मनिवेदनाच्या समासातली. समर्थ तिथे सिद्धान्त सांगतात. शब्द कसा घडला हे ते सांगत नाहीत. त्यांच्या ओवीला व्युत्पत्तीचं ओझं वाहायला लावणं हा त्यांच्यावरही अन्यायच. व्याकरणाने पाहिलं तर भक्त आणि विभक्त एकाच धातूचे: भज्. आणि भज् म्हणजे वाटणे, वाटा देणे, वाट्याला येणे. भाग, विभाग, विभक्ती, शाळेतले भाज्य आणि भाजक, सगळे इथलेच. आपट्यांचा संस्कृत कोश उघडा. 'भक्ति'खाली पहिला अर्थ विभागणी हाच दिला आहे, देवाची भक्ती नंतर येते. आपल्या रामटेकशी ज्याचं नातं सांगितलं जातं त्या मेघदूतात विंध्याच्या पायथ्याशी खडकांत फुटलेली रेवा, म्हणजे नर्मदा, हत्तीच्या अंगावरच्या 'भक्तिच्छेदां'सारखी दिसते. ही भक्ती म्हणजे अंगावर वेगवेगळ्या ओढलेल्या रंगीत रेघा. तिथे देव कुठेच नाही.

आता खरी गंमत. भक्त म्हणजे वाटून दिलेलं, म्हणून वाढलेलं अन्न, आणि त्यातही शिजवलेला तांदूळ. मनुस्मृतीत (८.४१५) दासांचे सात प्रकार आहेत, त्यांत एक 'भक्तदास'. नुसत्या पोटाच्या अन्नावर राबणारा तो हा, कुणा देवाचा दास नव्हे. या भक्ताचं प्राकृतात झालं भत्त आणि मराठीत भात. सप्तचा सात झाला, मौक्तिकाचा मोती झाला, तसाच.

आणि इथे आम्हा पूर्व विदर्भातल्या लोकांनी मान ताठ करावी. पुण्याकडे, कोकणात शेतातल्या पिकालाही भात म्हणतात: भाताची लावणी, भाताची खाचरं. भंडारा-गोंदियात विचारा, शेतात असतं ते धान, घरी येतो तो तांदूळ, आणि शिजून ताटात पडला की भात. आमच्या या बोलण्याला 'प्रमाण मराठीहून वेगळं' असा शेरा मिळतो. पण पाणिनीचं सूत्र पाहा, 'भक्ताण्णः' (४.४.१००), आणि त्यावरची काशिका ही जुनी टीका: भक्ताला योग्य ती 'भाक्त' साळ (म्हणजे धान), 'भाक्त' तांदूळ. म्हणजे साळ वेगळी, तांदूळ वेगळा आणि शिजलेलं भक्त वेगळं. हा तिहेरी भेद धानाच्या पट्ट्यात आजही जसाच्या तसा बोलला जातो. माझ्या मते शब्दाशी इमान आमच्या बोलीने राखलं, प्रमाण भाषेने नाही.

'धातुपाठात (संस्कृत धातूंच्या अर्थासह यादीत) तर भज सेवायाम् असं आहे' हे उत्तर संस्कृत शिकवणाऱ्यांकडून हमखास येतं. आहेच. पण सेवा हा एकच अर्थ धरला तर गीतेत अडचण होते. 'ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्' (४.११). इथे भजणारा कोण आहे? श्रीकृष्ण! देव भक्तांची सेवा करतो म्हणायचं? टीकाकारांना इथे 'अनुग्रह करतो' अशी वाट काढावी लागते. वाट्याचा अर्थ धरा, काहीच ओढाताण उरत नाही: जो जसा येतो, त्याला मी तसा वाटा देतो. नवव्या अध्यायातला 'अनन्यभाक्'ही पाहा, त्यातला भाक् म्हणजे वाटेकरीच. घरचं पान, फूल, पाणी देवाला द्यायचं आणि त्याच्यात आपला वाटा मिळवायचा, असा हा दोन्ही बाजूंचा व्यवहार आहे.

म्हणूनच भक्ती एकीकडे आणि नीतीने वागणं दुसरीकडे, असली फाळणी मला मान्य नाही. ज्या भागवताचा सप्ताह बसतो त्याच्याच सातव्या स्कंधात (अध्याय ११) नारद युधिष्ठिराला सर्व माणसांच्या धर्माची तीस लक्षणं सांगतात. सत्य, दया, संतोष अशी यादी येते आणि मग: 'अन्नाद्यादेः संविभागो भूतेभ्यश्च यथार्हतः', सर्व प्राण्यांना ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे अन्न वाटून देणं. संविभाग, पुन्हा तोच भज्! आणि लगेच पुढच्या श्लोकात श्रवण, कीर्तन, स्मरण. एकाच दमात. तीन अध्यायांनंतर (७.१४.८) नारद आणखी स्पष्ट बोलतात: पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून जास्त आपलं म्हणेल तो चोर, दंडाला पात्र. हा श्लोक सप्ताहात किती जण थांबून समजावतात? काल्याच्या दिवशी सगळ्यांचं एकत्र कालवून वाटतात, तेव्हा शब्द आपल्या मूळ अर्थाने वावरत असतो. 'महाप्रसादाचा लाभ घ्यावा' असं छापण्यापेक्षा 'महाप्रसाद वाटायला यावं' छापलं तर भागवताला धरून होईल.

रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेने दिलेल्या ताम्रपटात ती स्वतःला 'अत्यन्तभगवद्भक्ता' म्हणवते. तो ताम्रपट आहे गाव दान दिल्याचा.

जाता जाता, महागाई भत्त्यातला भत्ताही मी याच भक्ताशी जोडतो: कामावरच्या माणसाच्या जेवणाचा वाटा, पुढे रोखीत दिलेला. काही जण त्याला नाणी बदलताना लागणाऱ्या बट्ट्याशी नेऊन भिडवतात, ते मला पटत नाही. बट्टा कापून घेतात, भत्ता वर देतात. शिवाय कन्नडात भत्त म्हणजे आजही धान. भोसल्यांच्या काळातल्या मोडी जमाखर्चात भत्ता धान्याच्या मापात दिल्याची नोंद कुणी वाचली असेल, तर मला ती अवश्य पाहायची आहे.